गल्लीतले रोहित्र आणि दाराशी उभे वाहन



सुरतेचे नाव निघाले की मराठी मनासमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. इतिहासाच्या वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. खवय्याला घारी आणि पोंक आठवतो, आणि सुरतेचे जेवण व काशीचे मरण यांची जोड लावणारी म्हण त्याच्या ओठांवर येते. खानदेशातल्या घराघरांत मात्र सुरत म्हणजे कामाचे गाव. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली असंख्य मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच वस्त्यांच्या कोपऱ्यावर, दोन खांबांच्या आधाराने उभ्या असलेल्या एका पेटीशी संबंधित आहे. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिलेच तर ती बंद पडल्यावर.

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास अशा एखाद्या गल्लीतून चालत गेल्यास पूर्वी नसलेले एक दृश्य आता दिसते. दाराशी स्कूटर उभी असते आणि खिडकीतून आलेली वायर तिच्या पोटात शिरलेली असते. पहिल्या मजल्यावरच्या सज्जातून लोंबणारे एक्स्टेन्शन, त्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि खाली चार्ज होत असलेले वाहन, हा देखावा सुरतेत नवलाचा राहिलेला नाही. याला कारणेही तशीच घडली. गुजरात शासनाने २०२१ साली विद्युत्-वाहनांचे धोरण जाहीर केले. चार वर्षांत दोन लाख वाहने रस्त्यावर यावीत, असे त्यात योजिले होते. पैकी एक लाख दहा हजार दुचाकी, सत्तर हजार तीनचाकी आणि वीस हजार चारचाकी. बॅटरीच्या क्षमतेनुसार दर किलोवॅट-तासाला दहा हजार रुपये अशी सवलत ठेवली होती. त्याच वर्षी सुरत महानगरपालिकेनेही शहरापुरते स्वतंत्र धोरण आखले. एखाद्या महानगरपालिकेने स्वतःचे असे धोरण करावे, ही देशात तेव्हा नवी गोष्ट होती. व्यवहारात चतुर असलेल्या सुरतकराने पेट्रोलचा आणि विजेचा हिशेब मनातल्या मनात मांडला आणि स्कूटर घेतली.

या बदलाची चर्चा होते तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो तो असा : इतकी वीज आणायची कोठून? प्रश्न स्वाभाविक आहे, पण सुरतेपुरता तो फारसा अवघड नाही. तापीवर उकाईचे ३०० मेगावॅटचे जलविद्युत् केंद्र आहे. कामरेजजवळ टोरेंट कंपनीचे सुजेन हे वायूवर चालणारे केंद्र आहे, त्याची क्षमता ११०० मेगावॅटहून अधिक. काकरापारला प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २०२३ आणि २०२४ साली व्यापारी उत्पादनात आल्या. ही सारी वीज सुरतेची नव्हे. ती देशाच्या जाळ्यात मिसळते. तरी विजेच्या मूळ उगमापासून हे शहर दूर नाही, एवढे त्यावरून दिसते. शिवाय स्कूटरची भूक फार नाही. दिवसाला तीसएक किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला साधारण एक युनिट पुरते, मोटारीला चार-पाच युनिटे. उन्हाळ्यात रात्रभर चालणारे वातानुकूलन यंत्र याहून अधिक खाते.

मग अडचण कोठे आहे? ती शेवटच्या टप्प्यावर आहे. वीजकेंद्रातून निघालेली वीज उच्च दाबाने दूरवर येते, उपकेंद्रात तिचा दाब उतरतो, ११ हजार व्होल्टच्या वाहिनीने ती वस्तीत शिरते आणि कोपऱ्यावरच्या त्या पेटीत तिचा दाब घरगुती वापराजोगा होतो. ही पेटी म्हणजे वितरण रोहित्र. 'रोहित्र' हा शब्द महाराष्ट्रातील वीज खात्याने रूढ केला. पुस्तकात तो शोभतो, बोलण्यात मात्र खानदेशातला शेतकरी आणि लिंबायतचा कामगार दोघेही तिला 'डीपी' म्हणतात. पंपाच्या हंगामात डीपी जळाली म्हणजे काय होते, हे खानदेशातल्या माणसाला व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही.

आता या रोहित्राचे गणित पाहावे. एक गल्ली कल्पावी. तिच्यात ८० घरे आहेत आणि प्रत्येक घराला ५ किलोवॅटचा भार मंजूर आहे. बेरीज ४०० किलोवॅट होते. पण गल्लीच्या कोपऱ्यावर २०० चे रोहित्र बसवलेले असते. यात फसवणूक नाही. सगळ्या घरांतला पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, इस्त्री एकाच क्षणी कधीच चालत नाहीत. कोणाकडे स्वयंपाक आधी होतो, कोणाकडे उशिरा. कोणी कामावर असते, कोणी निजलेले. त्यामुळे ऐन गर्दीच्या वेळीही सरासरी घरामागे दोन किलोवॅटच पडतात, म्हणजे एकंदर १६०. शंभर वर्षे विजेचा सारा व्यवहार माणसांच्या या वेगळेपणावर उभा आहे. बँकेत सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत, या भरवशासारखाच हा भरवसा.

या गल्लीत वीस स्कूटरी आल्या. प्रत्येकीचा चार्जर सुमारे ७०० वॅटचा. साऱ्या एकदम लागल्या तरी १४ किलोवॅट वाढतात, भार १७४ होतो. रोहित्र ते सहन करते. पुढे दहा घरांनी मोटारी घेतल्या. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर मोटार ३.३ किलोवॅट ओढते. दहांचे ३३ झाले आणि भार २०७ वर गेला. भिंतीवर बसवायचा सात किलोवॅटचा चार्जर त्यांनी घेतला, तर तीच बेरीज २४४ होते. घरे तीच, माणसे तीच, आणि महिनाअखेरीस एकूण युनिटांत पडणारा फरकही माफक. पण संध्याकाळच्या दोन-तीन तासांपुरते रोहित्र आपल्या ताकदीबाहेर गेलेले असते. याचे कारण असे की, मोटार घरी येते ती इतरांच्या मोटारींबरोबरच. मिक्सर पाच मिनिटे चालतो, चार्जर तासन्‌तास. ज्या वेगळेपणावर जुना हिशेब बेतला होता, ते वेगळेपण येथे उरत नाही. एका जागी किती वीज लागली यापेक्षा ती कोणत्या तासाला लागली, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

भार वाढला म्हणून रोहित्र एका रात्रीत मरत नाही. त्याच्या आत तांब्याची वा ॲल्युमिनियमची वेटोळी असतात, त्यांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि सारे तेलात बुडालेले असते. आयुष्य असते ते त्या कागदाचे. ठरावीक मर्यादेपलीकडे तापमान सुमारे सहा अंशांनी वाढले की कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. दिवसभर तापलेले रोहित्र मध्यरात्रीनंतर निवते आणि त्या विश्रांतीवर त्याची वर्षे निघतात. ती विश्रांती काढून घेतली तर पंचवीस वर्षे चालायचे यंत्र किती तरी आधी निकामी होते. आणि ते निकामी होते ते बहुधा मे महिन्यातल्या एखाद्या उकाड्याच्या रात्री, गल्लीतील प्रत्येक घराला त्याची गरज असते तेव्हा.

इथे सुरतेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. इतर शहरांविषयी लिहिणारे तज्ज्ञ बिनदिक्कत सांगतात की, वाहने रात्री चार्ज करावीत, कारण रात्री वीज पडून असते. पण सुरतेची रात्र इतर शहरांसारखी नसते. पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांतले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतात. मागांच्या खटखटीत झोपायची सवय झालेली मुले या शहरात वाढली आहेत. ज्या वाहिनीवर माग आणि घरे शेजारी-शेजारी आहेत, तिथे रात्रीचा उतार इतर ठिकाणांइतका खोल नसतो. त्यात अलीकडे मध्यमवर्गीय घरांत वातानुकूलन यंत्रे आली. वर कल्पिलेल्या गल्लीत मध्यरात्रीनंतर भार ९० वर उतरत असेल, तर स्कूटरी आणि मोठे चार्जर मिळूनही बेरीज १७४ च होते आणि काही बिघडत नाही. पण मे महिन्यात तो १३० वरच थांबत असेल, तर रात्रही अपुरी पडते. तेव्हा 'रात्री लावा' हा उपदेश सरसकट सांगता येत नाही. वाहिनी-वाहिनीचा स्वभाव पाहावा लागतो.

दाबाचाही प्रश्न आहे. रोहित्रापासून जितके दूर जावे, तितका तारेत दाब घटत जातो. नियमाप्रमाणे घरगुती दाब २३० व्होल्टपासून सहा टक्क्यांहून अधिक ढळू नये. भार वाढला की गल्लीच्या टोकाच्या घरात दिवा मंद होतो, पंखा रेंगाळतो, पाण्याच्या पंपाची मोटर तापते. साधा जुना दिवा दाब घटला की वीजही कमी ओढतो आणि आपोआप तारेवरचा ताण हलका करतो. चार्जर मात्र दाब घटला तरी ठरलेली वीज घेतच राहतो. त्यासाठी तो अधिक प्रवाह ओढतो आणि त्यामुळे दाब आणखी घटतो. याचा त्रास कोणाला होतो? पुष्कळदा ज्याच्याकडे वाहनच नाही त्याला. गल्लीच्या टोकाच्या खोलीत शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईच्या यंत्राची मोटर मंदावते ती पलीकडच्या तिघांच्या मोटारींमुळे. पण हा संबंध तिला कधी कळत नाही आणि त्या तिघांनाही नाही. सार्वजनिक वस्तूचे हे असेच असते. उपभोग दिसतो, ओझे दिसत नाही.

शहराचे सर्व भाग सारखे नाहीत, हेही उघड आहे. वेसू, पाल यांसारख्या नव्या भागांतल्या उंच इमारतींना आपापली रोहित्रे असतात, वाहनतळ असतो, समितीही असते. नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय असावी, असे केंद्राच्या आदर्श इमारत-नियमांत २०१९ साली सुचविले गेले. गोपीपुरा, महिधरपुरा, नानपुरा यांच्या अरुंद शेऱ्यांत वाहन उभे करण्याचीच पंचाईत, तिथे वीस टक्के कशाचे काढणार? आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या नावावर मीटरच नसतो. त्याची स्कूटर घरमालकाच्या मर्जीवर चार्ज होते. धोरणे नेहमी ज्याच्याकडे वाहनतळ आहे असा नागरिक डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जिथे मोठा भार एका ठिकाणी येतो, तिथे अडचण खरे तर कमी असते. कारण तो दिसतो. साठ किलोवॅटचा जलद चार्जर म्हणजे मंजूर भाराने पाहिले तर बारा घरे एकदम. त्यासाठी जोडणीचा रीतसर अर्ज करावा लागतो, वीज कंपनी वाहिनी तपासते आणि पुष्कळदा वेगळे रोहित्र बसवते. हीच गोष्ट बसगाड्यांची. केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २०१९ साली सुरतेला १५० विद्युत् बसगाड्या मंजूर झाल्या आणि पुढे त्यांत भर पडत गेली. एक बस किलोमीटरला साधारण एक युनिट घेते. दिवसाचे १८० किलोमीटर धरले तर १५० गाड्यांना रोज २७ हजार युनिटे लागतात. ती रात्रीच्या पाच तासांत भरायची म्हटली तर सुमारे साडेपाच मेगावॅटचा भार होतो. हा आकडा भीतिदायक वाटला तरी तो आगारात, उच्च दाबाच्या जोडणीवर, ठरलेल्या वेळी पडतो. त्याचे वेळापत्रक करता येते. गल्लीतल्या स्कूटरींचे वेळापत्रक कोण करणार?

अलथाण येथील बस आगारात २०२५ साली महानगरपालिकेने जर्मन सहकार्य संस्था जीआयझेड हिच्या मदतीने एक प्रयोग सुरू केला. छतावर १०० किलोवॅटचे सौर पत्रे बसविले आणि त्यांची वीज साठविण्यासाठी २२४ किलोवॅट-तासांचा संच उभारला. तो वाहनांसाठी थकलेल्या, पण साठवणुकीला अजून चालण्याजोग्या जुन्या बॅटऱ्यांचा आहे. दुपारी सूर्याची वीज साठवायची आणि रात्री ती गाड्यांत भरायची, अशी ही कल्पना. तिचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यही आहे. पण आकडे डोळे उघडे ठेवून पाहावेत. साठवणूक २२४ युनिटांची, म्हणजे एका बसच्या दिवसाहून थोडी अधिक. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्या पत्र्यांतून चारशेच्या आसपास युनिटे निघतील, म्हणजे दोन गाड्यांची सोय. शहराच्या ताफ्यापुढे हे थेंबाएवढे आहे. प्रयोगाचे मोल त्याच्या आकारात नाही. दुपारची वीज रात्रीपर्यंत सांभाळून ठेवता येते आणि मोडीत निघालेली बॅटरी त्या कामी येते, हे सुरतेत, सुरतेच्याच आगारात दिसले, यात आहे.

परदेशांतील अनुभव थोडक्यात सांगण्याजोगा आहे. नॉर्वेत नव्या मोटारींपैकी बहुतेक विजेवर चालणाऱ्या असतात, तरी तिथे अंधार पडलेला नाही. मात्र एकाच वेळी जास्त वीज ओढणाऱ्या घराला वहनाचा आकार अधिक पडावा, अशी दररचना त्यांनी २०२२ पासून आणली. ब्रिटनमध्ये एक मजेदार अडचण ओळखली गेली. रात्री स्वस्त दर सुरू होताच सगळ्यांचे चार्जर एकाच ठोक्याला चालू झाले, तर संध्याकाळची गर्दी जाऊन मध्यरात्रीची नवी गर्दी तयार होते. म्हणून तिथल्या नियमांत २०२२ पासून अशी तरतूद आहे की, नवा चार्जर ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांच्या आत, नेम नसलेल्या एखाद्या क्षणी सुरू व्हावा. माणसांचे हरवलेले वेगळेपण यंत्राकडून परत मिळविण्याचा हा उपाय पाहून हसू येते, पण तो शहाणपणाचा आहे.

वेळ बदलण्याची कला गुजरातला अपरिचित नाही. २००३ साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेत शेतीच्या पंपांची वाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी काढली गेली. पंपांना ठरावीक तास पूर्ण दाबाने वीज आणि घरांना अखंड पुरवठा, अशी विभागणी झाली. वाहनांची वेगळी तार प्रत्येक गल्लीत टाकणे परवडणारे नाही. तिथे तारेऐवजी दराने विभागणी करावी लागेल. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहकहक्क नियमांत दुरुस्ती करून तशी दिशा दाखविली : ऊन असलेल्या तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत तितकीच महाग. सप्टेंबर २०२४ मधील चार्जिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही दिवसा स्वस्त आणि एरवी महाग हेच सूत्र आहे.

पण तासागणिक दर लावायचा तर तासागणिक मोजणारा मीटर हवा. इथे गाडी अडली. २०२४ च्या उन्हाळ्यात वडोदऱ्यात आणि सुरतेत आगाऊ पैसे भरायच्या नव्या स्मार्ट मीटरांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. बिल वाढल्याची त्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य किती, हा वेगळा विषय. परंतु मीटर बसविणाऱ्यांनी तो कशासाठी हे आधी घराघरांत समजावले असते, तर एवढा अविश्वास निर्माण झाला नसता. स्वस्त तासांचा लाभ दाखविण्यापूर्वी पैसे आधी भरायची अट दाखविली गेली, तर ग्राहक दुसरे काय करणार?

रात्रीपेक्षा दुपारकडे वळावे, याला सुरतेत आणखी एक सबळ कारण आहे. वराछा, कतारगाम येथील हिऱ्यांच्या कारखान्यांत कारागीर सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. रिंगरोडवरच्या कापड बाजारात गुमास्ता, दलाल, ताके वाहणारा तीनचाकीवाला, सारे दिवसभर तिथेच असतात. त्यांची वाहने नेमक्या त्याच तासांत उभी असतात, ज्या तासांत सूर्य डोक्यावर असतो आणि घरगुती रोहित्रे निवांत असतात. कारखान्यांची आणि बाजारांची छपरे विस्तीर्ण आहेत. त्यांतल्या कित्येकांवर सौर पत्रेही बसले आहेत. वीज आहे, वाहन आहे, वेळ जुळलेली आहे. नसतो तो खाली वाहनतळातला प्लग. आणि तो बसवायचा तर २००६ च्या पुरात तापीचे पाणी कोठवर चढले होते, ते पाहून उंचावर बसवावा लागेल.

प्लग नसण्याचे कारण तांत्रिक नाही. छप्पर एकाचे, वाहनतळाचा ठेका दुसऱ्याचा, मीटर तिसऱ्याच्या नावावर आणि स्कूटर चौथ्याची. एका स्कूटरला दिवसाचे एक युनिट लागते. एखाद्या कारखान्यात शंभर कारागिरांच्या स्कूटरी धरल्या, तर ती शंभर युनिटे, म्हणजे पंचवीस किलोवॅटच्या पत्र्यांची उन्हाच्या एका दिवसातली कमाई. तेवढ्याने संध्याकाळी लिंबायत-डिंडोलीकडे परतणाऱ्या वाहनांपैकी पुष्कळशी गल्लीतल्या प्लगला न लागता तशीच उभी राहतील. ही शंभर युनिटे मालकाने कारागिराच्या पगारातून कापावीत, दिवाळीच्या बोनसात धरावीत, की चहासारखी मोफत द्यावीत, यावर सध्या कारखान्या-कारखान्यांतून वाद घालण्याजोगे पुष्कळ आहे.